बॉयलर आता मंद आचेवर

लीड्स, १२ जानेवारी

ती. बाबा आणि आई, सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं की गॅसचं बिल किती येतं, मी "येतं ठीकच" म्हणून टाळलं. खरं म्हणजे डिसेंबरचं बिल बघून मला थंडीपेक्षा जास्त हुडहुडी भरली होती. फोनवर तुम्ही मधेच ग्वाल्हेरच्या कोहऱ्याचं सुरू करता म्हणून लिहूनच टाकतो.

इथे स्वयंपाकघरात भिंतीवर एक गॅसचा बॉयलर असतो, त्यात तापलेलं पाणी पाइपातून खोल्याखोल्यांच्या रेडिएटरमधे फिरून परत येतं. मी काय करायचो, ऑफिसातून कुडकुडत आलो की थर्मोस्टॅट २८ वर, वाटायचं लवकर तापेल. तसं काही होत नाही हो, तापायला वेळ तेवढाच लागतो, फक्त १९ ला थांबायचं ते पुढे जळतच राहतं आणि मग मी खिडकी उघडून बसायचो!

शेवटी शेजारचे आजोबा, रिटायर्ड प्लंबर, येऊन बघून गेले. रेडिएटरला जाणारं पाणी ७५ डिग्रीवर लावलेलं होतं, म्हणाले ५५ कर. हे बॉयलर कंडेन्सिंग असतात, म्हणजे गॅस जळताना जी वाफ होते तिचं पाणी करून तिचीही उष्णता काढून घेतात, पण परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तरच, नाहीतर ती सगळी बाहेर हवेत. आता खालच्या प्लास्टिकच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडतं ते बघून मला फार बरं वाटतं. घर सावकाश तापतं, म्हणून उठायच्या तासभर आधी लावतो. आई, तुझी बासुंदी आटते तसंच. (नळाच्या गरम पाण्याची टाकी असती तर ती मात्र ६० ला तापवावी लागते, जंतू होतात. आमच्याकडे टाकी नाही.)

वरच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम, वर गार, हवा अडकलेली. चावीने स्क्रू जरा सैल केला, फुस्स झालं, आणि मग काळं पाणी थेट कार्पेटवर. हिने दोन दिवस अबोला धरला होता. शिवाय पाणी गेल्यामुळे बॉयलरच्या प्रेशरचा काटा १ बारच्या खाली, पाणी परत भरून तो दीडवर आणला.

आणि बाबा, तुम्ही मागच्या खोलीत दार लावून कोळशाची सिगडी घेऊन बसता म्हणे. आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नका. इथे आम्ही बॉयलरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय कारण त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती गुंगी येते आणि तो उठतच नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि झोपायच्या आधी सिगडी अंगणात म्हणजे अंगणात, व्हरांड्यात नाही.

मामा येतोय त्याच्याबरोबर मुरैन्याची गजक पाठवा. मागची मी रेडिएटरवर ठेवली होती, सगळी चिकटून एक लादी झाली.

तुमचा,
बंड्या