मधमाशीचे शुभेच्छापत्र आणि तयार साचा

महोदय,

मुलांसाठीच्या पानांवर वाढदिवसाचे शुभेच्छापत्र घरच्या घरी करण्याच्या कृती अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांत मधमाशी व तिचे पोळे हा विषय मुलांच्या विशेष आवडीचा असतो. मात्र बहुतेक वेळा षट्कोनांचा तयार साचा छापून तो कापायला व चिकटवायला सांगितलेले असते आणि मधमाशी म्हणून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, दोन पंखांचा एक हसरा गोळा दाखवलेला असतो. या विषयात मुलांच्या हाती देण्यासारखे इतके काही आहे की, अशी कृती छापताना थोडी अधिक मेहनत घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

षट्कोनासाठी छापील साच्याची गरजच नाही. कंपासमध्ये एक सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढावे आणि परिघावरील एका बिंदूपासून, तेच अंतर कायम ठेवून, पुढे पुढे खुणा करत जावे. सहावी खूण बरोबर पहिल्या बिंदूवर येते. कंपास जरासा जरी सैल झाला तरी ती चुकते, आणि चूक झाल्याचे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. खुणा पट्टीने जोडून हा षट्कोन जाड पुठ्ठ्यातून कापला की साचा तयार झाला. तो गिरवताना दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या खाचांत, म्हणजे अर्ध्या घराने सरकवून बसवायची असते, हे कृतीत आवर्जून सांगायला हवे.

सर्व बाजू आणि कोन समान असलेल्या एकाच आकृतीने, फट न ठेवता, कागद भरायचा असेल तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन एवढेच पर्याय उरतात. त्यांतही तेवढीच जागा वेढायला षट्कोनाला सर्वांत कमी भिंत, म्हणजे सर्वांत कमी मेण लागते. ग्रीक गणितज्ञ पॅपस यांनी चौथ्या शतकातच मधमाश्यांच्या या निवडीची वाखाणणी केली होती. समान क्षेत्रफळाची घरे कोणत्याही आकारांची केली तरी षट्कोनी जाळीहून कमी भिंतीत काम भागत नाही, हे अमेरिकी गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. सिद्धता मुलांच्या आवाक्याबाहेरची असली, तरी तिन्ही आकृत्या पुठ्ठ्यातून कापून मांडून पाहणे त्यांना सहज जमते.

मधमाशीचे चित्रही खरे असावे. तिला सहा पाय आणि चार पंख असतात व ते सर्व मधल्या भागाला, म्हणजे वक्षाला जोडलेले असतात. पोटाला एकही पाय नसतो. अंग केसाळ, रंग तपकिरीकडे झुकणारा, मिशा कोपरात दुमडल्यासारख्या. भडक पिवळी, गुळगुळीत आणि बारीक कमरेची दाखवली तर ती गांधीलमाशी होते. पंख बटर पेपरचे करावेत, पुढची जोडी मोठी आणि मागची लहान ठेवावी, टोकदार पेन्सिलीने शिरा काढाव्यात आणि डिंक फक्त मुळाशी लावावा. पंख कागदापासून किंचित उचललेले राहतात. मागच्या पायांवर परागांचा पिवळा ठिपका दिला की ती कामावरून परतणारी कामकरी माशी आहे हे लगेच कळते.

पोळ्यातील काही घरे उघडी आणि काही बंद ठेवावीत, ही माझी खास सूचना आहे. मधातील पाणी साधारण १८ ते २० टक्क्यांपर्यंत उतरून तो पक्व झाला की कामकरी माश्या त्या घरावर मेणाचे पातळ झाकण बसवतात. शुभेच्छापत्रावर असे झाकण करण्यासाठी आणखी एक षट्कोन कापून त्याची एकच बाजू चिकटवावी आणि खाली एक शुभेच्छा किंवा दोघांनाच ठाऊक असलेली एखादी आठवण लिहावी. ज्याचा वाढदिवस आहे, तो एकेक झाकण उघडत जाईल.

तेव्हा यापुढे अशी कृती देताना कापायच्या साच्याऐवजी षट्कोनाची रचना आणि मधमाशीचे एक अचूक रेखाचित्र छापावे. आतल्या पानासाठी मजकूर मात्र देऊ नये. तिथे काय लिहायचे ते मुलांनीच ठरवावे आणि आपल्या अक्षरात लिहावे.

आपली,
एक वाचक