वाचनालयातल्या काकूंना, एका चिठ्ठीबद्दल

काकू,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण अर्ध्या कसबा पेठेला कळेलच हे पत्र कुणाला आहे ते.

बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. दुकान माझ्याकडे कसं आलं, कुणी सह्या केल्या आणि कुणी अडवून धरल्या, ते उगाळत बसत नाही. तांबट आळीत बापाच्या जागेवर मुलगी बसली म्हटल्यावर काय काय बोललं गेलं, ते तुमच्याही कानावर आलंच असेल. दहाव्याला घाटावरच एका नातलगाने "गाळा काढताय का?" म्हणून विचारून घेतलं. बाकीचे घरी येत, "आता तूच घट्ट व्हायचं, आईकडे बघायचं" म्हणत आणि चहा पिऊन जात. तांबं नुसतं ठोकत राहिलं की कडक होतं, मग तडकतं. म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून ते मऊ करून घ्यावं लागतं. हे आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जन्मभर मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके उमटवायचं काम, केलेल्या आमच्या पाहुण्यांना मात्र त्या दिवसांत ते आठवलं नाही. एका समुपदेशक बाईंकडेही मला पाठवलं होतं. त्यांनी माझं बोलणं संपायच्या आत यशाची सूत्रं सांगणारं पुस्तक हातात ठेवलं.

तुम्ही प्रेमकथा दिलीत. तीही कॉलेजच्या पोरी दप्तरात लपवून वाचतात तसली. समुद्राकाठचं गाव, बापाचा होड्या बांधायचा कारखाना, बाप गेल्यावर तो सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात, आणि उधारी वसूल करायला येणाऱ्या माणसाचा मुलगा. पुढे काय होणार ते दहाव्या पानावरच कळतं. तरी मी ती हिशेबाच्या वहीखाली ठेवून वाचली. गिऱ्हाईक घंगाळाचा भाव विचारी, मी वजनकाट्याकडे बघत सांगे आणि परत पान उघडे. त्या मुलीला त्या मुलाच्या एका फालतू विनोदावर हसू येतं आणि मग स्वतःचीच चीड येते. बाप जाऊन महिना नाही झाला आणि मी हसतेय? काकू, मलाही तेव्हा कुणीतरी आवडायला लागलं होतं. आळीत हे कुणाला सांगणार होते मी?

पण मला लिहायचंय ते त्या चिठ्ठीबद्दल. जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून तुम्ही ती पुस्तकात खोचली होती: "पान ६१ ते ७४ दवाखाना आहे. नको वाटलं तर सोड. गोष्ट तुटत नाही."

मी ती पानं सोडली. अजून वाचलेली नाहीत. गोष्ट खरंच तुटत नाही. हे तुम्हाला कसं कळलं, याचा विचार मी नंतर केला. म्हणजे तुम्ही ते पुस्तक आधी सबंध वाचलं असणार आणि मग ती पानं गाळून पुन्हा एकदा. या वयात, चष्मा पुसत, पोरीटोरींची प्रेमकथा. कुणासाठी? वर्गणी थकवणाऱ्या एका मुलीसाठी.

आपल्या पुण्यात पाट्या लिहिणाऱ्यांना तोटा नाही, पण त्यात काय करू नये हेच जास्त. "नको वाटलं तर सोड" असं लिहून देणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही. नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, त्याचा मान मोठाच. तुमच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला पाटीही धड नाही. पण कुणाला कुठलं पुस्तक कधी द्यायचं, हे तिथल्या टेबलामागे बसलेल्या माणसाला कळत असेल तर पाटी नसली म्हणून काय बिघडलं? आणि अशी माणसं असतात, काकू. गाजावाजा न करता आपलं काम करत असतात, म्हणून दिसत नाहीत. घाटावर गाळ्याचा भाव काढणारे तेवढे दिसतात.

चिठ्ठी मी परत देणार नाही. आणि दाराजवळची ती पाण्याची प्लास्टिकची टाकी आता काढून टाका. दिवाळीच्या आत मी तांब्याचा हंडा घेऊन येते, मठार मी स्वतः केलेलं असेल. पैसे किती झाले म्हणून विचारलंत तर तसाच परत नेईन.

तुमची,
तांबट आळीतली