डॉक्टर, 'आत्ता नको' म्हणालात त्याबद्दलही आभार

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

बायपासनंतर ह्यांची तब्येत आता चांगली सावरली आहे. आभार समक्ष मानले होतेच, पण बाहेर पेशंट ताटकळत होते आणि मला सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. शिवाय ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

पहिले आभार तुम्ही लिहून न दिलेल्या तपासणीचे. ह्यांच्या बरोबरीच्या एका मित्राला, मधुमेहाखेरीज कसलाही त्रास नसताना, हार्ट अटॅक आला. तेव्हा मी ह्यांना घेऊन तुमच्याकडे आले आणि सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवणारा स्कॅन) लिहून द्या म्हणून हटून बसले. मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात, छातीत कळ न येताही हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो, हे मी वाचलं होतं. तुम्ही ती भीती उडवून लावली नाहीत. शंका रास्त आहे, म्हणालात, आणि संशोधकांनी नेमकी तीच तपासून पाहिली आहे.

मग पेशंट खोळंबलेले असतानाही तुम्ही डायड अभ्यासाबद्दल सांगितलंत. टाइप 2 मधुमेह असलेली, हृदयाची काहीही तक्रार नसलेली 1,123 माणसं. निम्म्यांच्या हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा स्कॅन केला, निम्म्यांचा नाही. स्कॅन झालेल्यांत साधारण पाचातल्या एकाच्या अहवालात काही ना काही दोष निघाला. पण जवळजवळ पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, 3 टक्क्यांच्या आसपास. हे 2009 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2014 मध्ये फॅक्टर-64 अभ्यासात 900 मधुमेही लोकांपैकी साधारण निम्म्यांवर मी मागत होते तीच सीटी अँजिओग्राफी करून पाहिली. तिथेही ठामपणे फायदा म्हणावा असा फरक पडला नाही.

असं का, हे तुम्ही समजावलंत ते मला फार पटलं. त्रास नसताना अडथळा सापडला, तरी बहुतेकांच्या बाबतीत मुख्य उपचार तेच: स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बीपी आणि शुगर आटोक्यात, तंबाखू बंद, रोजचं चालणं. आणि मधुमेह असलेल्या माणसाला हे सगळं अडथळा न शोधताही द्यायचंच असतं. ह्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं. मी ती किडनीची बाब समजत होते. ती हृदयासाठीही धोक्याची सूचना आहे, हे तुमच्याकडून कळलं. त्याच वेळी तुम्ही डेन्मार्कच्या स्टेनो-2 अभ्यासाचा दाखला दिलात: असंच अल्ब्युमिन जाणारे 160 लोक, आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळ्यांवर एकदम नेटाने उपचार केल्यावर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार जवळपास निम्म्यावर आले. त्या दिवसापासून ह्यांची एकही गोळी चुकू दिली नाही.

दुसरे आभार तुमच्या विचारण्याचे. "छातीत दुखतं का?" एवढ्यावर तुम्ही कधीच थांबला नाहीत. मागच्या वेळी जे सहज जमत होतं ते आता जमतं का? धाप लागते का? कारण नसताना घाम फुटतो का? जबड्यात, खांद्यात अवघडल्यासारखं होतं का? आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी बघणं, मानेला स्टेथोस्कोप लावणं, पावलांची नाडी चाचपणं हेही चालू असायचं. मला सुरुवातीला हा नुसता शिरस्ता वाटे. त्रास नसलेल्या माणसाची खरी तपासणी तीच होती, असं आज माझं ठाम मत आहे.

कारण एका भेटीत हे म्हणाले, "काही नाही, वय झालं." तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तुम्हाला काय दिसतं?" जिना चढताना हे मध्येच थांबतात, फोन बघण्याचं निमित्त करतात, असं मी सांगितलं. तुमचा चेहरा बदललेला मला आठवतो. मधुमेहात छातीतल्या कळेच्या जागी नुसता दमच लागू शकतो, आणि दम लागायला लागला की माणूस "त्रास नसलेला" राहत नाही, म्हणालात. एरवी तपासणी नको म्हणणाऱ्या तुम्ही तेव्हा मात्र एक दिवस थांबू दिलं नाहीत. ईसीजी, इको, स्ट्रेस स्कॅन आणि मग अँजिओग्राफी. हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे निघाले. मधुमेह असताना अनेक रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर स्टेंटपेक्षा बायपासचा फायदा अधिक, हे 2012 च्या फ्रीडम अभ्यासात दिसलं होतं; सर्जननीही तोच सल्ला दिला.

नातेवाईक मला अजून विचारतात, तपासणी तेव्हाच केली असती तर? काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. पण मी आमच्या घराला ओळखते. तेव्हा रिपोर्ट स्वच्छ आला असता तर आम्ही निर्धास्त झालो असतो, गोळ्यांत ढिलाई आली असती, आणि पुढे लागलेली धाप त्या कागदाच्या भरवशावर आम्ही अंगावर काढली असती. तुम्ही आम्हाला गाफील होऊ दिलं नाहीत आणि घाबरवलंही नाहीत.

एक विनंती आहे. तुम्ही पेशंटला विचारता ते प्रश्न बाहेरच्या खोलीत, सोबत आलेल्यांना वाचता येतील असे लावता येतील का? पेशंट "काही नाही" म्हणतो. जिन्यात तो थांबतो ते घरच्यांनाच दिसतं. तुम्ही मजकूर द्या, मोठ्या अक्षरात लिहून मी पुढच्या भेटीला घेऊन येते.

कृतज्ञतापूर्वक,
तुमच्या एका पेशंटची पत्नी