पानगळ जाळू नका, आम्हाला द्या

महोदय,

ज्येष्ठांनी गच्चीवर भाजी लावावी, मन रमतं, ताजं खायला मिळतं, असा सल्ला उठसूट दिला जातो. सल्ला चांगलाच आहे, पण देणारे वजन, गुडघे आणि गोळ्या यांबद्दल काही बोलत नाहीत. आणि या बागेला लागणारा पाला रस्त्यावरच जाळला जातो, तो मिळवायला महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय गाठावं, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

५० लिटरचा क्रेट नुसत्या मातीने भरून पाणी घातलं की ८० किलोच्या घरात जातो. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वापरभार (माणसं-सामानाचं वजन) धरून बांधलेला असतो आणि तेवढ्या जागेत असे चार क्रेट सहज बसतात. हिशेब ज्याचा त्याने करावा. म्हणून क्रेट दाटीने मधोमध न मांडता खाली तुळई असेल तिथे एका ओळीत ठेवावेत. भरताना एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, दोन भाग कुजलेला पाला आणि मूठभर निंबोळी पेंड घ्यावी. वजन बरंच उतरतं. गुडघे कुरकुरत असतील तर क्रेट कमरेइतक्या उंच घडवंचीवर ठेवावेत. नाहीतर खाली विटा द्याव्यात, म्हणजे वॉटरप्रूफिंगवर ओल धरत नाही.

पाला अर्धाकच्चा राहिला तर फसगत होते. कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो आणि मेथी दोन-चार पानांवरच पिवळी पडते. पाणी कमी पडलं असं वाटून लोक आणखी ओततात, मग रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात. पाणी सकाळीच घालावं, तेही झारी अर्धीच भरून. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाकून काम केल्यावर झटक्यात उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ओतून कोरड्या कराव्यात, नाहीतर डेंग्यूचे डास पोसले जातात.

सात क्रेट ठेवून दर चौथ्या दिवशी एकात पेरलं तर थंडीत मेथीचा फेरा बरोबर बसतो, पंचवीसेक दिवसांत ती खुडायला येते. एका क्रेटमधून दोघांची एका वेळची भाजी निघते, फार तर. मंडईची पिशवी काही सुटत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत, त्या गच्चीवर पिकवतो म्हणणाऱ्याने एकदा तराजू आणावा. एप्रिल-मेमध्ये मेथीचा हट्ट सोडून राजगिरा, लाल माठ लावावा.

आता गोळ्या. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आठवडाभर काही नाही आणि मग बाग बहरली म्हणून चार दिवस रोज पालक, असं केलं की के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम उतरतो आणि रक्ततपासणीचा आकडा बिघडतो. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियम जपायला सांगितलं असेल तर भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावं. कवळी असेल तर भाजी बारीक चिरून मुगाच्या डाळीत शिजवावी, चावायचे कष्ट वाचतात आणि प्रथिनंही मिळतात. वरून लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा नको, भाजीतलं लोह अंगी लागत नाही.

या सगळ्याला लागणारा पाला पुण्यात जानेवारी ते मार्च रस्तोरस्ती पडलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच काडी लावून पेटवला जातो. कचरा जाळायला घनकचरा नियमांतच मनाई आहे. वर्षावृक्ष नि गुलमोहराची बारीक पानं तीन-चार महिन्यांत कुजतात, आंबा-फणसाची चिवट पानं वेगळी ठेवावी लागतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, तेव्हा कुणाला सांगणार? आता बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत. कट्ट्यावर मात्र सकाळी दिल्ली आणि संध्याकाळी वॉशिंग्टन.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात ‘कंपोस्ट प्रकल्प’ असं मोघम लिहिलं की कागद फिरत राहतो. अमुक उद्यानाच्या अमुक कोपऱ्यात चार फूट लांब-रुंद-उंच जाळीचे सहा पिंजरे, तळाला फरसबंदी नको, जवळ नळ हवा, असं लिहावं. मापं आणि जागा असली की कनिष्ठ अभियंत्याला खर्च काढता येतो. अर्ज पावसाळ्यात, तरतूद पुढच्या एप्रिलपासून, म्हणजे पिंजरे भरतील ते त्यानंतरच्या पानगळीला.

तोवर झाडणकामाच्या मुकादमाला सांगून पाल्याची पोती सोसायटीच्या फाटकाशी उतरवून घेता येतात. त्यातल्या गुटख्याच्या पुड्या तेवढ्या वेचून काढाव्या लागतात.

– गच्चीवर भाजी करणारे काही ज्येष्ठ नागरिक, पुणे