अडीच तोळ्यांचा बाण

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मग निवांत परत ऐकला आणि आता टाइप करूनच उत्तर देतोय, कारण यात आकडे लय आहेत आणि फोनवर सांगितलेले आकडे तुझ्या डोक्यात राहत नाहीत हे मला शाळेपासून माहितेय. तुझी तक्रार अशी की नवीन कंपाऊंड धनुष्याच्या जाहिरातीत ३३० फूट पर सेकंद लिहिलंय आणि तुझ्या क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, २७० च्या वर आकडा जात नाही, म्हणून आता हलके शाफ्ट, म्हणजे बाणाच्या दांड्या, मागवतो म्हणतोस. थांब जरा. शाफ्ट मागवू नकोस, आधी हे वाच.

तुला फसवलं कुणी नाही. तो ३३० चा आकडा साधारण ७० पौंड ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागं ओढतो ते) आणि ३५० ग्रेनचा बाण (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) या मापावर काढलेला असतो. तू ओढतोस ६० पौंड, तुझी ड्रॉ लेंग्थ २८ इंच. ढोबळ हिशोब असा की एक इंच ड्रॉ कमी झाला की दहा फूट जातात, एक पौंड कमी झाला की दोनेक फूट. वीस आणि वीस, चाळीस तिथंच गेले. राहिले २९०. तुझा बाण ४०० ग्रेनचा, म्हणजे पन्नास ग्रेन जास्त, त्याचे पंधरा-सोळा गेले, आणि स्ट्रिंगवरचा पीप, डी-लूप यांचे तीन-चार. आलं का २७०? तुझं धनुष्य एकदम व्यवस्थित चाललंय.

आता मुद्द्याचं. तू आणि मी दोघं शिकलो ते टार्गेटवर. तिथं अंतर ठरलेलं, कंपाऊंडला ५० मीटर, समोर फोम, बाणाला नुसतं जाऊन रुतायचं असतं. आपल्या शेजारी साताऱ्यात तयार झालेली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून इथं पोरापोरांत कंपाऊंडचा नाद वाढलाय आणि प्रत्येकाच्या तोंडी स्पीड, स्पीड आणि स्पीड. टार्गेटला ते चालतं. पण तू आता मिशिगनमध्ये मचाणावर बसून व्हाइटटेल हरणावर बाण सोडणार आहेस. तिथं बाणाला फोम नाही, कातडी, बरगडी, फुप्फुस आणि परत पलीकडची बरगडी पार करून बाहेर पडायचंय. काम बदललं की अवजार बदलतं, एवढी साधी गोष्ट आहे.

तुझ्याच धनुष्यावर अंदाजे हिशोब मांडून बघितला. ३०० ग्रेनचा बाण जाईल ३०५ ने, त्याची ऊर्जा भरते ६२ फूट-पौंड. ४०० चा जातो २७० ने, ऊर्जा ६५. ४५० चा जाईल २५७ च्या आसपास, ६६. आणि ५०० चा २४५ ने, जवळपास ६७. बघ, सगळ्यात फास्ट बाणात सगळ्यात कमी ऊर्जा आहे! कारण लिंब्समध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंमध्ये, साठवलेली ताकद हलका बाण पूर्ण उचलू शकत नाही, तो निघून जातो आणि उरलेली ताकद धनुष्यातच राहते, थरथर आणि आवाज बनून. म्हणून तर बहुतेक कंपन्या पौंडामागं पाच ग्रेनच्या खाली जाऊ नका म्हणतात, त्याच्या खाली ते जवळजवळ बाणाशिवाय स्ट्रिंग सोडल्यासारखंच होतं, लिंब फुटायची भीती. हिशोब तूही करू शकतोस: ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०.

पण ऊर्जेत फरक थोडासाच आहे, खरा फरक संवेगात आहे, वजन गुणिले वेग. ३०० वरून ५०० वर गेलास तर वेग वीस टक्क्यांनी उतरतो आणि संवेग चौतीस टक्क्यांनी चढतो. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याला हळूच येत असते, पण ब्रेक मारला तरी थांबते का ती? हाडाला लागल्यावर पुढं जात राहायचं काम या संवेगाचं. आणि आरपार जाणं महत्त्वाचं अशासाठी की तू मचाणावरून खाली मारणार, बाण वरून शिरणार, आत जाण्याचं भोक वर राहणार आणि रक्त आतच साठणार. खालून बाहेर पडलेलं भोक असेल तर माग मिळतो. माग नाही मिळाला तर जखमी जनावर झाडीत जाऊन रात्रभर तडफडतं आणि तुला सापडतही नाही. मला या सगळ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, तुला खरं सांगतो.

तू म्हणशील मग स्पीडचा फायदाच नाही का. आहे, अंतर चुकलं तर आहे. पण किती, ते बघ. समज तू ३० यार्डाची पिन, म्हणजे त्या अंतराची नेमाची खूण, लावलीस आणि हरीण खरं ३३ यार्डावर आहे. २७० वाला बाण सुमारे २.४ इंच खाली लागेल, २४५ वाला २.९ इंच. अर्ध्या इंचाचा फरक! व्हाइटटेलचा फुप्फुस-काळजाचा भाग आठ-नऊ इंचांचा, त्यात अर्ध्या इंचानं काय बिघडत नाही. ४० ची पिन आणि हरीण ४५ वर असेल तर मात्र साडेपाच आणि साडेसहा इंच होतं, तिथं दोन्ही बाण चुकलेच समज. म्हणजे उपाय स्पीड नाही, उपाय अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि ३० यार्डाच्या पुढं न मारायची शपथ. शपथ घे बाबा. आणि आवाजाचं म्हणशील तर आवाज सेकंदाला ११२५ फूट धावतो, कुठलाच बाण त्याला गाठत नाही. वीस यार्डावर स्ट्रिंगचा आवाज पाच शतांश सेकंदात हरणाच्या कानात आणि बाण बावीस-तेवीस शतांश सेकंदात. हरीण दचकलं की पळायच्या आधी पाय दुमडून खाली बसकण मारतं आणि बाण पाठीवरून जातो. २७० ऐवजी २५७ केलास तर एक शतांश सेकंद जास्त लागेल, पण जड बाणानं धनुष्य शांत होतं ते जास्त कामाला येतं. कान टवकारलेल्या हरणावर सोडायचाच नाही, मग बाण कुठला का असेना.

आता दुसऱ्या टोकाला पण जाऊ नकोस. तिकडं साडेसहाशे ग्रेनवाले लोक भेटतील, डॉ. एड अॅश्बींचं नाव घेतील. अॅश्बींनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये खऱ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या, काम मोठं आहे, आणि ६५० ग्रेनचा उंबरठा त्यांनी जड हाड फोडण्यासाठी सांगितला. पण त्यांच्याच क्रमात पहिला नंबर वजनाचा नाही. पहिलं, बाण आणि पातं न मोडता टिकलं पाहिजे. दुसरं, बाण सरळ उडाला पाहिजे. लोक नेमके हे दोन सोडून वजनाला धरून बसतात. आणि ईस्टन कंपनीचा जुना तक्ता हरणाला २५ ते ४१ फूट-पौंड पुरे म्हणतो, तुझ्याकडं ६५ आहेत. तुला जंगली म्हैस मारायची नाही.

माझं मत विचारशील तर साडेचारशे ग्रेन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेन, म्हणजे तुझा बाण अडीच तोळ्यांचा होईल. हे सुचलं गुजरीत. माझे बाण मी तिथंच एका ओळखीच्या सराफाकडं मोजतो, काचेच्या पेटीतला तो मिलिग्रॅमचा काटा, बाण पेटीत मावत नाही म्हणून ताटलीवर छोटी वाटी ठेवून त्यात पॉइंट खाली करून उभा धरतो, झाकण उघडं, पंखा बंद, आणि बोट अलगद सोडलं की आकडा दोन सेकंद नाचून थांबतो. एकाच डब्यातल्या शाफ्टचे बाण, बाकी सगळे २४ ग्रॅमला आणि एक २३.७. ते तीन दशांश ग्रॅम म्हणजे साडेचार ग्रेन, पन्नास मीटरला तो बाण वेगळा धरावा लागतो. तूही तुझे सगळे असेच मोज, पात्यासकट मोज, पाती सुद्धा सारखी नसतात.

साडेचारशे करायला नवीन शाफ्ट लागत नाही. तुझा २८ इंची शाफ्ट इंचाला ९ ग्रेनचा, झाले २५२. पॉइंट बसवायचा इन्सर्ट २०, पुढचं टोक म्हणजे पॉइंट १००, मागची तीन पिसं म्हणजे व्हेन मिळून १८, दोरीत अडकणारी नॉक ९, बेरीज ३९९. आता अॅल्युमिनियमचा इन्सर्ट काढून ५० ग्रेनचा पितळी टाक आणि पॉइंट १२५ चा घे, झाले ४५४. सगळं वजन पुढं गेलं, हे आणखी चांगलं, बाण शेपूट न हलवता सरळ जातो. बाण बोटावर तोलून बघ, तोल मध्यापासून साडेतीन इंच पुढं आला तर एफओसी, म्हणजे तोल मध्याच्या किती पुढं आहे त्याचं माप, साडेबारा टक्के, झकास.

फक्त एक अडचण आहे आणि ती नीट ऐक. पुढं वजन वाढलं की सुटताना शाफ्ट जास्त वाकतो, म्हणजे तोच ४०० स्पाइनचा शाफ्ट मऊ पडल्यासारखा वागतो. स्पाइनचा आकडा लहान तितका शाफ्ट ताठ, हे लक्षात ठेव, ३४० हा ४०० पेक्षा ताठ असतो. आधी एका बाणाचे व्हेन काढून वीस यार्डावरून तो उघडा शाफ्ट आणि व्हेनवाले बाण एकत्र मार. उघडा इतरांपासून दूर, तिरका रुतत असेल तर दोन-तीन पौंड खाली येऊन बघ, रेस्ट, म्हणजे बाण टेकायची जागा, थोडी सरकवून बघ, नाहीच जमलं तर मग ३४० चे शाफ्ट, त्यावर खर्च कर, माझी ना नाही. हे जुळल्याशिवाय ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं, लावूच नकोस, कारण स्थिर पात्याचं ब्रॉडहेड हवेत पंखासारखं वागतं आणि बाण जरा वाकडा निघाला की कुठल्या कुठं घेऊन जातं, बाण जितका फास्ट तितकं जास्त. उघडणारी मेकॅनिकल पाती सरळ उडतात खरी, पण उघडायला स्वतःच ऊर्जा खातात, साठ पौंडाला मी स्थिरच घेईन. आणि धार! सरावाला वापरलेलं पातं तेच पुन्हा शिकारीला लावायचं नाही.

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय संपला आणि संपला ते बरंच झालं, दाजीपूरला गवा लांबून बघितला की मला पुरतं. पण तुमच्याकडं परवाना आहे, सीझन ठरलेला आहे, मांस घरात खाल्लं जातं, त्याला मी नावं ठेवत नाही. फक्त आपल्या माणसानं ते नीट करावं एवढंच वाटतं.

१ ऑक्टोबरला तुमचा धनुष्याचा सीझन उघडतो, अजून वेळ आहे. या शनिवारी इन्सर्ट बदल, वजन कर, तोल बघ आणि उघड्या शाफ्टचा व्हिडिओ मागून काढून पाठव, बाजूनं नको, बाजूनं काढलेल्यात काय दिसत नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा. आई विचारत होती तिखट चटणी संपली का, संपली असेल तर कुणाबरोबर पाठवायची ते कळव.

तुझाच,
गल्लीतला जोडीदार