घराची काळजी करू नका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

सहा महिने घर बंद करून माझ्याकडे राहायला या, तुमची तिकिटं काढली आहेत. आधी विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथंच राहिला असता. रागावू नका. मागच्या वेळी जे झालं त्यानंतर तुम्हा दोघांना हे सहा महिने एकटं ठेवायला मन धजत नाही. इथे तुमची खोली तळमजल्यावर आहे, संडास लागूनच, आईच्या उशाशी दिवा आहे, आणि सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं.

जीव अडकलाय तो घरात, हे मला कळतं. आई, तुला चोराची धास्ती. मला पाण्याची जास्त आहे. वॉशिंग मशीनच्या नळीवर आणि फ्लश टाकीच्या पाइपवर रात्रंदिवस दाब असतो. एखादी नळी फुटली तर वरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी घरातच. म्हणून आधी गीझरचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा खटका, पाडून बंद करा, मग वरच्या टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळे नळ सोडून पाइपातलं पाणी काढा आणि नळ परत लावा. व्हॉल्व्ह गंजून बसला असेल तर जोर लावू नका, आठवडाभर आधीच प्लंबरला बोलवा. बाबा, पाना घेऊन तुम्ही वर चढायचं नाही. अजिबात नाही.

न्हाणीतल्या जाळीखाली वाकड्या भागात दोन बोटं पाणी साठलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं तेच अडवतं, आणि घर बंद असलं की काही आठवड्यांत ते सुकून जातं. निघायच्या दिवशी प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोड, आई. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी लवकर उडत नाही.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा पुसा आणि दारात गुंडाळलेला टॉवेल अडकवा. दार लागून राहिलं की आत बुरशी धरते. कपाटांची दारंही किलकिली ठेवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं काम माझं. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवू, पण ती नुसती पडून राहिली तरी उतरते, म्हणून दर दोन महिन्यांनी चार्ज करायला लागेल. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा.

बाहेर मोठं कुलूप लटकवू नका, घरात कुणी नाही हे ते लांबूनच सांगतं. लॅच दोनदा फिरवलं की पुरे. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली देऊ. महिन्यातून एकदा त्या खिडक्या तासभर उघडतील, जाळ्यांत पाणी घालतील. हॉलच्या दिव्याला टायमर मी घेऊन येतेय. विम्याचे कागदही काढून ठेवा. घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की कित्येक पॉलिसींत भरपाई आटते, त्यामुळे कंपनीला आधी लेखी कळवलेलं बरं.

आई, कुठेही निघताना तू कडी तीनदा ओढून बघायचीस आणि मी तुझा पदर धरून जिन्यात उभी असायची. या वेळी कडी मी ओढून बघेन, तू फक्त माझा हात धर.

शनिवारी रात्री पोचते. तोवर दागिने आणि घराचे कागद लॉकरमध्ये गेलेले असू द्या. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
ताई