नानांचा रेडिओ

परभणी,
मंगळवार रात्र

प्रिय अव्या,

तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. पुढं. लिहायला बसलोय ते नानांच्या रेडिओपायी. इथं कुणाला सांगावं तर "मोबाईलवर लागतंय की सगळं" म्हणून मोकळे होतात.

नानांनी सेलूहून टेम्पोवाल्याच्या हाती रेडिओ पाठवला, गोधडीत गुंडाळून. सोबत निरोप, "नीट कर, पण आतलं काही बदलू नको." घ्या! मागचा पुठ्ठा काढला तर आत उंदराचं बाळंतपण उरकलेलं, आणि कागदी कंडेन्सर सगळे लीक.

सरळ प्लग घातला नाही, सिरीज बोर्डवर घेतला, म्हणजे मधे बल्ब ठेवून, आत शॉर्ट असला तर करंट बल्बातच अडतो. शंभर वॉटचा जुना बल्ब मिळवायला बाजार पालथा घालावा लागला, एलईडी या कामाला चालत नाही. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला, म्हणजे आत शॉर्ट. फिल्टरचे कंडेन्सर गेलेले. ते बदलले. कपलिंगचाही बदलला, नाहीतर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जाऊन यूसीएल ८२ ची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वाल्व्हची, प्लेट तापून लाल होते. हे नानांना बोलायचं नाही. आणि रेडिओ बंद केल्यावरही फिल्टरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट बसून राहतात, रेझिस्टन्स लावून उतरवल्याबिगर हात घालायचा नाही, एक हात खिशात. नानांनीच शिकवलं होतं, तेव्हा तू खिशातले शेंगदाणे खात होतास.

आता खरी गोष्ट. सेट एसी-डीसी आहे, दोन्ही करंटवर चालणारा, आत मेनचा ट्रान्सफॉर्मर नाही. चारही वाल्व्हचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, सिरीजमध्ये, १०० मिलीअँपियरवर. सव्वाशे व्होल्ट ते खातात, उरलेले शंभरेक ड्रॉपर, म्हणजे मोठा रेझिस्टन्स. चेसिस, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, थेट मेनच्या एका वायरला. प्लग उलटा बसला की चेसिसवर फेज, टेस्टर भकाभका पेटतो. सुलटा बसवला तरी सुटका नाही. यात स्विच चेसिसच्याच वायरमध्ये आहे, तेव्हा रेडिओ बंद केला की फिलामेंटमधून फेज चेसिसवर येते. बंद असताना धोका! आणि ट्यूनिंगचं बटण नाही, चेसिसलाच जोडलेला नुसता लोखंडी दांडा. ते बटण पोळ्याला बैलगाडीचं चाक म्हणून तूच उपटलं होतंस, अन् मार मी खाल्ला. तू ते नाकबूल केलंस, हे मी अजून विसरलो नाही.

नाना आंघोळ करून ओल्या अंगानं, अनवाणी, त्या शहाबादी फरशीवर उभं राहून दांडा फिरवतात. वाड्यातली अर्थिंग तर तुला माहीतच आहे.

लातूरहून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाइंड करून आणला, २३० ला २३०, म्हणजे रेडिओचा मेनशी थेट संबंध तुटतो. नवं प्लास्टिकचं बटण बसवलं, बटणाच्या ग्रब स्क्रूला बोट लागू नये म्हणून वर मेण भरलं, एरियलचा कंडेन्सर वाय क्लासचा, म्हणजे सेफ्टीचा, टाकला. रात्री घरातले चार्जर अन् एलईडी बंद केले तर मीडियम वेव्हला काय काय ऐकू आलं! डायलवर १३०५ जवळ, परभणी आकाशवाणीच्या जागी, नानांची पेन्सिलची खूण अजून आहे.

पण फोनवर त्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्याचा आवाज ऐकून नाना म्हणायलेत, "तो डबा घूं घूं करतोय, मी काढून टाकणार. कामून लावायचा?" डबा काढला की सगळं मुसळ केरात. रेडिओ परत पाठवावा का नाही, हेच कळेना. न पाठवला तर रुसतील, आणि यंदा रुसले तर तू ओळखतोसच. डबा काढताच येणार नाही असा, वायर आतून जोडून, रेडिओच्याच पेटीत बंद करून द्यावा म्हणतो. पण म्हाताऱ्याला फसवल्यागत वाटतं.

तुझं ते ऐकतात. रविवारी जेवण झाल्यावर फोन लाव, दुपारी नको, झोपतात. करंटचं बोलू नकोस, "पन्नास वर्षं लावतोय, मला कधी बसला नाही" म्हणतील. डब्यानं वाल्व्हचं आयुष्य वाढतं असं ठोकून दे. वाल्व्हसाठी कायपण करतील.

पोरीच्या बारावीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? लिही.

तुझा,
दिल्या